चार फूट आणि अर्धा गुण

कविता करणाऱ्या माणसाने रेडिओवर येऊन गोल्फबद्दल बोलावे याचे तुम्हाला नवल वाटले असेल. खरे सांगायचे तर मलाही वाटते. मी सोलापूरचा. आमच्याकडे खेळ म्हटला की पार्क मैदानावरचे क्रिकेट, गल्लीतली कबड्डी आणि जत्रेतली कुस्ती. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा दारातली मेंदीसुद्धा माना टाकते. तिथे अठरा हिरवळी कोण जोपासणार? गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. तरीही गेली दोन वर्षे हा खेळ आमच्या घरात ठाण मांडून बसला आहे. का, ते पुढे येईलच.

गोल्फशी माझी पहिली गाठ पडली ती रात्रपाळीत. बी. ए. झाल्यावर कवितेने पोट भरत नाही हे कळायला मला वर्षभर लागले. मग एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक झालो आणि पुढे रात्री बातम्यांची भाषांतरेही करू लागलो. २००६ चा ऑक्टोबर महिना होता. स्पेनमधल्या वाल्देरामा इथे जीव मिल्खा सिंग याने व्होल्वो मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकल्याची इंग्रजी बातमी टेबलावर आली. तीत जागोजागी ‘बर्डी’ हा शब्द होता. मी बेधडक लिहून टाकले, ‘शेवटच्या दिवशी जीवने बरेच पक्षी टिपले.’ पान सोडण्याआधी संपादकांनी ते वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारले, ‘‘कविराज, हा खेळ आहे की शिकार?’’

त्या रात्री लाजेखातर मी गोल्फ समजून घेतला. तो सोपा आहे. मैदानात अठरा होल, म्हणजे जमिनीतली अठरा भोके. प्रत्येक होलसाठी किती फटके लागावेत याचे एक माप ठरलेले असते, त्याला ‘पार’ म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला की ‘बर्डी’. होलभोवतीची हिरवळ चटईसारखी कातरलेली असते. तिथून चेंडू होलकडे हलकेच ढकलायचा, तो फटका म्हणजे ‘पट’. तीनशे यार्डांचा दांडगा टोला आणि तीन फुटांचा हळुवार पट, दोन्हींची किंमत एकच, एक फटका. मला हा नियम फार आवडला. कवितेतही मोठा शब्द आणि साधे ‘च’ हे अक्षर, दोघांचे वजन तसे सारखेच असते. ‘च’ चुकला तरी ओळ पडते.

पण आज मला बोलायचे आहे ते व्यावसायिक गोल्फपटूच्या वर्षाबद्दल. आशियाई टूर ही अशा वर्षांची एक माळ आहे. आज मलेशिया, पुढच्या आठवड्यात थायलंड, मग दिल्ली, मग आणखी कुठे. स्पर्धा गुरुवारी सुरू होते आणि रविवारी संपते. रोज अठरा होल, चार दिवसांचे बहात्तर. पण चारही दिवस सगळ्यांच्या नशिबी नसतात. शुक्रवारी संध्याकाळी एक रेघ ओढली जाते, तिला ‘कट’ म्हणतात. दीडशेच्या आसपास खेळाडू सुरुवात करतात. त्यांतले पहिले पासष्ट आणि पासष्टाव्याच्या बरोबरीचे तेवढे शनिवारी खेळतात. बाकीचे शुक्रवारी रात्रीच बॅगा भरतात. त्यांना बक्षिसातला एक पैसाही मिळत नाही. विमानाचे तिकीट, हॉटेल, काठ्या वाहणाऱ्या कॅडीची मजुरी हे सगळे आपल्या खिशातून. जीवच्या आणि लाहिरीच्या त्या वर्षांत, वर्षअखेरीला ज्याने सर्वांत जास्त बक्षिसे कमावली तो ‘ऑर्डर ऑफ मेरिट’मध्ये पहिला ठरायचा. नाव गुणवत्तेचे आणि हिशेब पैशांचा, हेही जगाच्या रीतीला धरूनच होते.

जीवने ते पहिले स्थान २००६ मध्ये मिळवले. ती बातमी मी नंतर नीट वाचली, तेव्हा मला फटक्यांपेक्षा तारखा जास्त बोलक्या वाटल्या. १९९९ नंतर त्याने कुठेही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. सात वर्षे! २००६ च्या एप्रिलमध्ये चीनची खुली स्पर्धा जिंकली, ऑक्टोबरात वाल्देरामा, आणि वर्ष संपायच्या आत जपानमध्ये आणखी दोन. म्हणजे सात वर्षे दर गुरुवारी हा माणूस नव्याने सुरुवात करत होता आणि दर रविवारी ट्रॉफी दुसऱ्याच्या हातात बघत होता. त्याच्या वडिलांना आपण सगळे ओळखतो. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटरच्या शर्यतीत मिल्खासिंग चौथे आले. तेव्हाच्या हातघड्याळाच्या हिशेबाने पदक एक दशांश सेकंदाने हुकले. एवढे जिंकलेला माणूस, पण देशाने सगळ्यात जास्त आठवण ठेवली ती त्या एक दशांश सेकंदाची. त्यांच्या मुलाने असा खेळ निवडावा, ज्यात दर आठवड्याला थोडक्यात हुकते, याचे मला राहून राहून नवल वाटते.

हा श्रीमंतांचा खेळ, असे आपण म्हणतो. क्लबांकडे पाहिले तर ते खरेच आहे. पण मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्यांनीही तो शिकून घेतला. अलीशेर दिल्लीच्या गोल्फ क्लबात दुसऱ्यांच्या काठ्या वाहायचा. १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. दोन वर्षांनी त्याने ती पुन्हा जिंकली. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरासिया हा रॉयल कलकत्ता क्लबाची हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. वडील गवत कापायचे, मुलगा त्याच गवतावर आपल्या आपण शिकला. या दोघांना आठवणीत असू द्या. चौरासिया लवकरच परत येणार आहे.

आता २०१५ च्या हंगामाकडे वळतो. त्याचा नायक अनिर्बन लाहिरी. नाव बंगाली असले तरी जन्म आपल्या पुण्याचा, १९८७ चा. वडील लष्करात डॉक्टर. त्यांनीच लहानपणी मुलाच्या हातात काठी दिली. बदल्यांच्या नोकरीत गावे बदलत गेली, खेळ तेवढा बरोबर राहिला. पुढे बंगळूरला विजय दिवेचा यांच्या हाताखाली तो घडला. मन स्थिर राहावे म्हणून तो विपश्यना करतो. आपल्या इगतपुरीमुळे ती साधना महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे.

२०१५ च्या फेब्रुवारीत मलेशियन ओपनच्या शेवटच्या दिवशी लाहिरी पाच फटक्यांनी मागे होता. तिथून त्याने एका फटक्याने स्पर्धा जिंकली. दोन आठवड्यांनी दिल्लीत इंडियन ओपन. तिथेही रविवारी सकाळी तो पिछाडीवर, आणि यावेळी तब्बल सात फटक्यांनी. सर्वांत पुढे कोण, तर आपला चौरासिया. संध्याकाळी दोघे बरोबरीत आले आणि जादा होलवर लाहिरी जिंकला. डॉक्टरांचा मुलगा पहिला, माळ्याचा मुलगा दुसरा. चौरासिया या स्पर्धेत याआधीही दुसरा राहिला होता. तो निमूटपणे घरी गेला आणि पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, त्याच दिल्लीच्या मैदानावर त्याने तीच स्पर्धा जिंकली. मागे पडलेल्यांत तेव्हा लाहिरीही होता. २०१७ मध्ये चौरासियाने ती पुन्हा जिंकली.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये लाहिरी अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिप खेळला. जगातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी ही एक. तिथे तो संयुक्त पाचवा आला. तोवर कोणत्याही भारतीयाने तिथवर मजल मारली नव्हती. वर्ष संपताना आशियाई टूरच्या यादीत तोच पहिला होता आणि त्याची तिथली कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. असे वर्ष कुणाला मिळाले तर त्याने ते चौकटीत लावून भिंतीवर टांगावे.

पण मधे ऑक्टोबर आला. दक्षिण कोरियात इंचॉन इथे प्रेसिडेंट्स कप होता. ही संघांची लढत. एका बाजूला अमेरिका आणि दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेले जग. या संघात निवडला गेलेला लाहिरी हा पहिला भारतीय. शेवटच्या दिवशी बारा एकेरी लढती होत्या. अमेरिका साडेनऊ, जग साडेआठ, एवढेच अंतर. लाहिरीची गाठ ख्रिस कर्कशी होती. सतरा होल झाले, दोघे बरोबरीत. अठराव्या होलवर कर्कचा चेंडू पंधरा फुटांच्या आसपास, लाहिरीचा चार फुटांवर. कर्कने लांबचा पट आत घातला. लाहिरीने चार फुटांवरचा घातला असता तर लढत बरोबरीत सुटली असती आणि दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला असता. चेंडू आत गेला नाही.

चार फूट म्हणजे किती? आपल्या घरातल्या खाटेची रुंदी. तेव्हा बाकीच्या लढती चालू होत्या, त्यामुळे त्या चार फुटांचे मोल कुणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळी बेरीज झाली. अमेरिका साडेपंधरा, जग साडेचौदा. तो अर्धा गुण इकडून तिकडे गेला असता तर पंधरा-पंधरा. शेवटच्या लढतीत यजमान कोरियाचा बे सांग-मून खेळत होता. अठराव्या होलवर त्याचाही एक साधा फटका फसला आणि चेंडू उतारावरून घरंगळत त्याच्याच पायाशी आला. पण हे मागाहून. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत लाहिरीचे चार फूट होतेच. मलेशिया, दिल्ली, ऑगस्टमधले पाचवे स्थान, सगळे तळाच्या ओळीत गेले. मीही तसेच लिहिले. मथळा मीच दिला होता, ‘लाहिरीची चूक महागात’. पाच-सहा वर्षे ते मी विसरून गेलो होतो.

आता घरची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा फौजदार होण्यासाठी अभ्यास करत होता. मेहुणे यंत्रमागावर टर्किश टॉवेल विणतात. घर दोन खोल्यांचे, त्यामुळे पोराने शहरातल्या एका अभ्यासिकेत खुर्ची घेतली होती. सकाळी डबा घेऊन जायचा, रात्री यायचा. तीन वर्षे असे चालले. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य झाली, मैदानी चाचणी झाली, मुलाखत झाली. मग अंतिम यादी लागली. तो अर्ध्या गुणाने बाहेर राहिला.

एखादा नापास झाला तर लोक दोन दिवसांनी विसरतात. अर्ध्या गुणाने राहिला तर कुणी विसरू देत नाही. दूधवाला, मौलवीसाहेब, शेजारच्या काकू, जो तो म्हणे, ‘‘अरेरे, अर्ध्याच गुणाने!’’ पोरगा घराबाहेर पडेनासा झाला. ईदच्या दिवशी नमाजाहून आला तो थेट आतल्या खोलीत गेला. गळाभेटीसाठी आलेल्यांना बहीण सांगत होती, त्याला बरे नाही. मी आत जाऊन त्याच्या शेजारी बसलो. वडीलधारेपणाच्या ऐटीत म्हणालो, ‘‘बेटा, अर्धाच तर गुण होता.’’

तो म्हणाला, ‘‘मामू, अर्धा म्हणू नका. पन्नास गुणांनी राहिलो असतो तर मी आज दुकानात कामाला लागलो असतो.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. कवी म्हणून मिरवतो, पण त्यावेळी एकही शब्द कामाला आला नाही. काहीतरी बोलायचे म्हणून मी त्याला लाहिरीच्या चार फुटांची गोष्ट सांगितली. माझ्या मथळ्यासकट सांगितली. कट म्हणजे काय ते सांगत होतो तेव्हा तो पहिल्यांदा जरा हसला. ‘‘मामू, आमच्या यादीतही कटच म्हणतात. कट-ऑफ.’’ मग त्याने विचारले, ‘‘एका वर्षात असे किती पट मारावे लागतात?’’ आम्ही दोघांनी हिशेब केला. एका फेरीत तीसच्या आसपास, चार दिवसांचे एकशेवीस, वर्षात पंचवीस स्पर्धा धरल्या तर तीन हजार. तीन हजारांतला एक. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. पण त्याला दिलासा मिळाला असे मी म्हणणार नाही. तो एक जगाला आठवतो आणि उरलेले कुणाला आठवत नाहीत, हे त्याला माझ्याइतकेच कळत होते.

चार दिवसांनी रात्री अकराला त्याचा फोन आला. ‘‘मामू, तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितली.’’ पोराने मोबाइलवर शोधून पुढचे सगळे वाचून काढले होते. इंचॉनला हरलेल्या संघाचा कप्तान होता झिम्बाब्वेचा निक प्राइस. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, प्रेसिडेंट्स कप अमेरिकेत न्यू जर्सीला झाला, तेव्हाही कप्तान तोच. तेव्हा संघातले बहुतेक खेळाडू जागतिक क्रमवारीतून येत. पण दोन जागा कप्तानाच्या मर्जीच्या होत्या. त्या दोन जागांवर प्राइसने अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोला आणि अनिर्बन लाहिरीला घेतले. ज्याच्या चार फुटांनी आपली बरोबरी हुकली, त्यालाच त्या माणसाने परत बोलावले.

तिथे जगाचा संघ फार वाईट हरत होता. शनिवारच्या शेवटच्या लढतीत कोरियाच्या सी वू किमबरोबर लाहिरी खेळत होता. ती लढत अमेरिकेने जिंकली असती तर रविवार उजाडायच्या आतच कपाचा निकाल लागला असता. लाहिरी-किम जिंकले. रविवारी अमेरिका १९-११ अशी जिंकलीच, म्हणजे निकाल काही बदलला नाही. पण तो एक दिवस त्या दोघांनी रोखून धरला. भाचा फोनवर हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता.

गंमत पाहा, या ग्रिलोचीही पुण्याशी एक गाठ आहे. टोकियो ऑलिम्पिक २०२१ मध्ये झाले. ऐनवेळी ग्रिलोने माघार घेतली आणि प्रतीक्षेतल्या पुण्याच्या उदयन मानेला जागा मिळाली. साठ खेळाडूंत तो छप्पन्नावा आला. आकडा फार मोठा नाही. पण रेघेच्या अलीकडे राहिलेला माणूस कधी कधी रेघेच्या पलीकडेही जातो. त्यात आपले कर्तृत्व किती आणि दुसऱ्याची माघार किती, हे सांगणे अवघड आहे.

मी भाच्याला म्हणालो, ‘‘बेटा, खेळात कप्तान असतो. तो बोलावतो. परीक्षेत असा कुणी नसतो.’’ हे मला खोटे दिलासे देण्यापेक्षा बरे वाटले. शासनाच्या यादीत मर्जीच्या दोन जागा नसतात आणि नसाव्यातच.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मामू, मी आज अभ्यासिकेत गेलो होतो. पुस्तके परत आणायला.’’ अभ्यासिकेचे सर त्याला म्हणाले होते, ‘‘पुस्तके कशाला नेतोस? तुझी खुर्ची आहे तशीच आहे.’’ याला वाटले, सरांनी दया केली. तसे नव्हते. निकाल लागल्यापासून पाच महिने, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मेहुणे कामावरून सुटल्यावर सायकलवर तिथे जात होते आणि सातशे रुपये भरून पावती खिशात ठेवत होते. घरी कुणाला बोलले नाहीत. बहिणीलाही नाही. टॉवेलच्या धंद्यात मंदी होती, आठवड्यातले दोन-दोन दिवस माग बंद असायचे, तेव्हाही ते पैसे भरले गेले. खुर्ची मात्र रिकामी होती.

मेहुण्यांना मी पुढे एकदा विचारले. त्यांना गोल्फ ठाऊक नाही, निक प्राइस ठाऊक नाही. ते म्हणाले, ‘‘खुर्ची सोडली असती तर दुसऱ्या कुणाला दिली असती. मग त्याला परत जायचे म्हटले तरी जागा कुठली?’’ एवढेच. एवढे बोलून ते उठले आणि मागाला तेल घालायला गेले.

लाहिरीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो दुसरा आला. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून स्मिथपेक्षा एक फटका जास्त. पुन्हा एकच! त्याच वर्षी तो लिव्ह या नव्या टूरकडे गेला. २०२४ मध्ये त्याच वाल्देरामात, जिथे जीवने माझ्या भाषेत पक्षी टिपले होते, तो बरोबरीपर्यंत पोहोचला आणि जादा होलवर सर्जिओ गार्सियाकडून हरला. मी हे भाच्यापासून लपवले नाही. थोडक्यात हुकणे त्याचे संपलेले नाही. पण दर वेळी तो तिथवर पोहोचलेला असतो, हेही त्याच बातमीत लिहिलेले असते. आपण मथळ्यावर थांबतो. मथळे देणारा माणूस म्हणून माझा त्यातला वाटा मी कबूल करतो.

भाचा पुन्हा अभ्यासिकेत जातो. डबा घेऊन सकाळी निघतो, रात्री येतो. यंदा काय होईल, मला माहीत नाही. कदाचित होईल, कदाचित पुन्हा कुठेतरी अर्धा गुण कमी पडेल. पण आता कुणी दारात येऊन ‘अरेरे’ म्हणाले तर माझी बहीण त्याला चहा देते आणि विषय बदलते. सातशे रुपयांच्या त्या पाच पावत्या तिने कपाटात, शिधापत्रिकेच्या पाकिटात ठेवल्या आहेत.